पाव सूर खाली

लंबूला लंबू हे नाव घारीनं ठेवलं आणि घारीला घारी हे नाव लंबूनं. दोघी तेव्हा सहा वर्षांच्या होत्या आणि शाळेत एका बाकावर बसायच्या. एक ताडासारखी वाढलेली, दुसरीचे डोळे मांजराचे. आता दोघींनी पन्नाशी ओलांडली, लंबूला पोक आलं, घारीच्या डोळ्यांवर जाड भिंगं चढली, तरी नावं सुटली नाहीत. लंबूचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं.

लंबूचा धंदा पियानो लावण्याचा. बाहेरून हे काम फार नाजूक वाटतं, पण प्रत्यक्षात ते हमालीच्या जवळचं आहे. एका पियानोत दोनशेच्या वर तारा, प्रत्येकीच्या टोकाला एक लोखंडी खुंटी, आणि ती खुंटी लांब दांड्याच्या चावीनं केसभर फिरवायची. बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. त्यांतल्या दोघींना रबरी पाचरी सारून गप्प बसवायचं आणि तिसरीला एकटीला बोलतं करायचं. पोलीस संशयितांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारतात ना, तसंच. तिसरी जागेवर आली की एक पाचर काढायची आणि दोघींना एकत्र वाजवायचं. जुळल्या नसतील तर आवाजातून वाँव-वाँव अशी लहर उठते. ती मंदावत मंदावत थांबली की तार लागली. लंबूला ही लहर भिंतीपलीकडूनही ऐकू यायची.

काम संपलं की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि काय केलं ते लिहायचं, हा या धंद्याचा रिवाज. मालक ते कधी वाचत नाही. ते असतं पुढच्या ट्यूनरसाठी, कारण आधीच्यानं लपवाछपवी केली तर पुढचा तोंडघशी पडतो. तीस वर्षांत लंबूनं एकदाही खोटं लिहिलं नव्हतं. लाकडाशी ती फार प्रामाणिक होती.

आणि रविवारी ती घारीकडे असायची. घारी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. दिवसभर चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या आणि फाटलेल्या शिवायला घरी आणायच्या. तिचा नवरा, मुलगी छोटी तीन वर्षांची असताना, जरा जाऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. तेव्हापासून त्या घरातला दुसरा माणूस म्हणजे लंबू. छोटीला गोवर झाला तेव्हा आठ दिवस उशाशी बसली ती लंबू. सायकलला मागून धरून गल्लीभर पळाली ती लंबू. शाळेच्या फॉर्मवर ‘अडचणीत कोणाला कळवावे’ या रकान्यात नाव लंबूचं. शेजारणी आपापल्या मैत्रिणींना सुनवायच्या की मैत्रीण असावी तर अशी. हे कानावर आलं की लंबू काहीतरी काम काढून उठायची. लोकांना वाटायचं, किती हा विनय. विनय कसला डोंबलाचा.

सतराव्या वर्षी छोटीला मांगाचं वेड लागलं. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. पुस्तक आपल्या हिशेबानं मागून उघडायचं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. लंबूनं पहिला भाग सवयीनं पुढून उघडला आणि शेवट आधी वाचून बसली. छोटी हसून हसून लोळली. मग तिनंच शेजारी बसून शिकवलं, आणि दर रविवारी एक भाग घेऊन जायचा, पुढच्या रविवारी परत आणायचा, असं सुरू झालं. पन्नाशीच्या दोन बायकांत चित्रांची पुस्तकं, म्हणून घारी कपाळाला हात लावायची, पण मनातून तिला बरं वाटायचं.

गोष्ट होती शाळेतल्या चार मुलींची. चौघी मिळून गाणी बसवतात, भांडतात, स्पर्धांना जातात. त्यातली ड्रम वाजवणारी, कपाळावर झुलपं असलेली, चेलो, म्हणजे ते छातीएवढं उंच व्हायोलिन, वाजवणारीची जिवलग मैत्रीण. एका स्पर्धेच्या निवडीची वेळ तासभर अलीकडे आणली आहे, तेवढं तुझ्या मैत्रिणीला सांग, असं बाई तिला सांगतात. ती सांगत नाही. चेलोवाली वेळेवर म्हणून येते तर दार बंद झालेलं. मला वाटलं तुला कळलं असेल, एवढंच झुलपंवाली म्हणते. आणि मग पुढचे आठ भाग ती मैत्रिणीचा तो अवजड चेलो जिन्यावरून वाहत राहते.

“सगळे तिला शिव्या घालतात, मावशी,” छोटी म्हणाली. “ऑनलाइन नुसता धुरळा आहे. पण मला तीच आवडते.”

“का गं?”

“बाकीच्या तिघी चांगल्याच आहेत. त्यांच्यात मी कुठे सापडणार मला? ही माझ्यासारखी आहे. मीही वर्गातल्या एकीवर जळते, आणि मग तिलाच माझ्या डब्यातलं देते.” छोटीनं पान उलटलं. “आणि ती चेलो का उचलते माहितेय? प्रेमानं नाही. घाबरून. हात रिकामे राहिले तर तोंडातून निघून जाईल म्हणून.”

तीन मजले चढून आणलेलं चादरींचं गाठोडं तेव्हा लंबूच्या मांडीवरच होतं. तिनं ते खाली ठेवलं आणि पाणी प्यायला उठली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पोरीनं गोष्टीतल्या मुलीबद्दल बोलावं आणि इथे हिला तहान लागावी.

झालं होतं ते असं. दोघी बावीस वर्षांच्या असताना एका खोलीत राहायच्या. घारी अकॉर्डियन वाजवायची, आणि ती वाजवायला लागली की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं पिशवी हातात घेऊन उभी राहायची. लंबूलाही पियानो वाजवणारीच व्हायचं होतं. बोटं लांब होती, पण आज्ञेत नव्हती. दोनदा परीक्षेत नापास झाली आणि मग पियानो लावायला शिकली. आपल्याला जे गाता येत नाही त्याचा गळा साफ करून द्यायचा, असं ती स्वतःच्या धंद्याबद्दल हसत म्हणायची. ऐकणाऱ्यालाच तेवढं हसू यायचं.

एका फिरत्या वाद्यवृंदाला एक वादक हवा होता. निवड एका शाळेच्या जुन्या सभागृहात होती, साथीला तिथलाच पियानो, आणि तो सकाळी लावायचं काम योगायोगानं लंबूकडे आलं. पियानो म्हातारा होता. तारा गंजलेल्या, आणि सगळाच्या सगळा पाव सूर खाली घसरलेला. वर ओढायला जावं तर तारा पटापट तुटल्या असत्या, तेही ऐन निवडीच्या दिवशी. म्हणून लंबूनं तो खालीच ठेवला आणि आहे त्या उंचीवर आपल्या आपल्यात नीट जुळवला. कुठल्याही शहाण्या ट्यूनरनं हेच केलं असतं. झाकणाच्या आत तिनं पेन्सिलीनं लिहिलंसुद्धा: तारा जुन्या, पाव सूर खाली ठेवला आहे.

फक्त शहाण्या ट्यूनरनं वादकांनाही सांगितलं असतं. व्हायोलिनवाला तार सैल करतो, बासरीवाला बासरीचा सांधा थोडा बाहेर ओढतो, आणि पियानोशी जुळवून घेतो. अकॉर्डियनला ती सोय नाही. त्यातल्या पात्यांचे सूर कारखान्यातून जे ठरून येतात तेच. अकॉर्डियन घेऊन आलेली एकटी घारी होती. तिला कळलं असतं तर ती म्हणाली असती, मी साथीशिवाय वाजवते. एकटीनं वाजवायचं तिचं तयारच होतं.

लंबू तेच सांगायला निघाली होती. बाहेर व्हरांड्यात घारी घामेजलेले तळवे पुसत उभी होती.

“झाला पियानो लावून?”

“झाला.”

“लंबू,” घारी म्हणाली, “माझी निवड झाली तर तू एकटी राहशील ना गं नीट?”

एवढं एकच वाक्य. त्यात काळजी होती, पण लंबूला तेव्हा त्यात फक्त निरोप ऐकू आला. खोलीतली दुसरी खाट, दाराशी एकच चपलांचा जोड, आणि गावोगावच्या टाळ्या घारीच्या वाट्याला. पियानोबद्दल तिनं गुळणी धरली. मी राहीन की, म्हणाली, आणि आत जाऊन मागच्या रांगेत बसली.

घारीनं वाजवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या सुराला परीक्षकांनी माना वर केल्या. दोन सूर एकमेकांना घासत होते. लंबूला तर ती लहर दातांत जाणवत होती. घारी थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. म्हातारे परीक्षक मागे वळून म्हणाले, “पियानो कोणी लावलाय? ठीक आहे ना तो?” आधीच्या पाचही जणांचं सुरेल झालं होतं, तेव्हा त्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं. लंबू उभी राहिली. “हो, आजच सकाळी लावलाय,” म्हणाली. परीक्षक घारीकडे वळले आणि, वाईट वाटून का होईना, म्हणाले, “मुली, तुझा कान कुठे आहे?”

त्या संध्याकाळी खोलीवर घारीनं अकॉर्डियन लंबूपुढे ठेवलं. “तू बघ. वाद्य बिघडलंय का?” लंबूनं बघितलं. वाद्य ठीक होतं, तसं तिनं सांगितलं. “आणि पियानो?” तोही ठीक होता, असंही सांगितलं. मग घारी म्हणाली, “म्हणजे मीच भलत्या पट्ट्या दाबत होते, आणि मला ते कळलंसुद्धा नाही.” लंबू यावर काही बोलली नाही. तोंडानं खोटं दोनदाच बोलली, पण तिसरं हे न बोललेलं होतं, आणि घारीला संपवलं ते त्यानंच.

अकॉर्डियन तिनं एका बालवाडीला देऊन टाकलं आणि लाँड्रीत लागली. त्यानंतर कोणी तिला गुणगुणतानाही ऐकलं नाही. वाढदिवसाला सगळे गात असले की ती नुसते ओठ हलवायची. “मला कान नाही,” हे ती उंची सांगावी तितक्या सहज सांगायची. आणि लंबू उद्या सांगू, परवा सांगू, असं करत तीस वर्षं तिच्या चादरी वाहत राहिली.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ते उजाडलं छोटीच्या रूपानं. छोटी शाळेत क्लॅरिनेट वाजवायची. तिच्या सरांनी सांगितलं की हिला संगीत महाविद्यालयात घाला, मी शिफारस देतो. फॉर्म आला. मुलगी अठराच्या आतली, म्हणून आईची सही हवी. गुरुवार शेवटचा दिवस. आणि घारी सही करेना.

“आपल्या घरात कान नाही,” त्या रविवारी ती शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली. “चार लोकांपुढे कोणी तोंडावर सांगितल्यावर काय होतं ते मी भोगलंय. तुला नाही भोगू देणार.”

“मला आहे कान,” छोटी म्हणाली. “सर म्हणतात.”

“मलाही म्हणायचे सर.” घारी लंबूकडे वळली. “तूच सांग हिला. तू होतीस ना तिथे.”

दोघी तिच्याकडे बघत होत्या. लंबू म्हणाली, “विचार कर जरा, घारे. घाई नको.” वेळ मारून नेली. छोटी फॉर्म घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. निघताना तिनं दाराच्या फटीतून मांगाचा अकरावा भाग मावशीच्या हातात दिला. डोळे सुजलेले होते. “यात ती सांगते,” एवढंच म्हणाली.

सोमवारी एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात, उघड्या पियानोशेजारी जमिनीवर बसून, लंबूनं तो भाग तीनदा वाचला. झुलपंवाली शाळेच्या गच्चीवर मैत्रिणीला सगळं सांगते. मैत्रीण तिच्या थोबाडीत मारते. मग चार पानं दोघी गळ्यात पडून रडतात, शब्द एक नाही, नुसती चित्रं, आणि नंतर खाली जाऊन वाजवतात. लंबूला ती थप्पड फार आवडली. तेवढी आपण खाऊ, तिला वाटलं. पन्नाशीच्या बाईनं पोरांच्या पुस्तकावरून हिंमत बांधावी हे हसण्यासारखंच आहे, पण दुसरं कुठलं पुस्तक तिला हे सांगायला आलं नव्हतं. मंगळवार तिनं चालढकल करण्यात घालवला. बुधवारी दुपारचं काम रद्द करून ती तीन मजले चढली. हातात काहीही नव्हतं, फक्त कामाची पिशवी खांद्याला.

घारी चादरीची किनार शिवत होती. छोटी आतल्या खोलीत होती. लंबूनं बसायच्या आतच सुरुवात केली, कारण बसली असती तर राहिलं असतं. तारा, गंज, पाव सूर, व्हरांडा, मागची रांग, आणि खोलीवरची ती संध्याकाळ. काही वगळलं नाही. मशीन थांबलं नाही. घारीनं किनार शेवटपर्यंत शिवली, दोरा तोडला, चादर बाजूला ठेवली.

“पाव सूर,” ती म्हणाली.

“पाव सूर खाली.”

“म्हणजे मी बरोबर वाजवत होते.”

“एकही पट्टी चुकली नव्हती, घारे.”

घारीनं चष्मा काढून पदराला पुसला. “आणि हे आज का सांगतेस?”

“छोटीसाठी. उद्या शेवटचा दिवस आहे, तिचं नुकसान...”

“छोटीसाठी.” घारीनं चष्मा परत लावला. “माझ्यासाठी नाही. पोरगी झाली नसती तर मी तशीच मेले असते.”

ते खरं होतं. लंबू थपडेची वाट बघत उभी राहिली. घारी जागची उठलीसुद्धा नाही.

“ही तान्ही होती तेव्हा झोपायची नाही,” घारी म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. “तू असायचीस. मी नुसती थोपटत बसायचे. तू म्हणायचीस, गा की काहीतरी. आठवतं? तू म्हणायचीस मला. आणि मी म्हणायचे, नको बाई, माझं बेसूर हिच्या कानात बसायचं. मग तू गायचीस.” ती थांबली. “माझ्या पोरीला अंगाई तू गायलीस, लंबू.”

लंबूच्या डोळ्यांना धार लागली. घारीच्या नाही. आतल्या खोलीतली हालचाल केव्हाच थांबली होती.

“काटा आहे का पिशवीत?” घारीनं विचारलं.

दोन टोकांचा तो लोखंडी काटा ट्यूनरच्या पिशवीत असतोच. आपटला की एकच सूर देतो, आणि तो सूर कधी बदलत नाही. लंबूनं तो गुडघ्यावर आपटला आणि मशीनच्या लाकडावर टेकवला. बारीक, स्वच्छ सूर खोलीभर झाला. घारीनं तो ऐकला, डोळे मिटले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून सूर लावला. आवाज गंजलेला होता, मध्ये फाटलाही. पण काट्याच्या शेजारी तो जाऊन बसला आणि दोघांच्या मध्ये लहर म्हणून नव्हती. जन्मभर हेच ऐकण्यावर पोट भरलेल्या लंबूला शंकेला जागाच नव्हती.

“बरोबर होता का?” घारीनं विचारलं.

“हो,” लंबू म्हणाली. “अगदी बरोबर होता.”

घारीनं डोळे उघडले. “तुझ्या या ‘हो’चं आता मी काय करू?” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मग तिनं हाक मारली, “छोटे, बाहेर ये.”

छोटी दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. घारीनं लंबूच्या हातातून काटा घेतला, स्वतः आपटला, आणि पुन्हा तो सूर लावला. “तू सांग,” ती मुलीला म्हणाली.

“बरोबर आहे, आई,” छोटी म्हणाली.

तेव्हा घारी रडली. मशीनवर डोकं ठेवून, खांदे हलवत, मोठ्यानं रडली, आणि छोटी तिच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. लंबू एक पाऊल पुढे गेली, तर छोटीनं मान न वळवता दुसरा हात आडवा धरला. थोड्या वेळानं घारीनं तोंड पुसलं, फॉर्म आण म्हणाली, आणि तिथेच मशीनवर, चादरीवर ठेवून, सही केली. पालकांच्या सहीखाली ‘अडचणीत कोणाला कळवावे’ अशी एक रेघ होती. ती तिनं रिकामी ठेवली.

लंबूनं काटा पिशवीत ठेवला. पिशवीची चेन लावायला तिनं जरा जास्तच वेळ घेतला. कोणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. दाराशी छोटी सोडायला आली. लंबूनं अकरावा भाग तिच्या हातात दिला आणि, स्वतःची लाज वाटत असूनही, विचारलंच.

“छोटे, तुला ती आवडायची ना गं?”

“आवडते अजूनही,” छोटी म्हणाली. “तिनं माझ्या आईला काही केलं नव्हतं.”

आणि मावशीला बाहेर पडता यावं म्हणून तिनं दार धरून ठेवलं.